एकशे सोळा सामने जिंकणारा संघ अंतिम लढतीपर्यंत का पोचला नाही?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये सिएटल मरिनर्स हा संघ वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम लढतीच्या, अगदी दारात जाऊन परतला. टोरंटोविरुद्धची मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली आणि तो सामना सिएटलनं ४-३ असा गमावला. मेजर लीगमध्ये आज ३० संघ आहेत. त्यांत वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेला हा एकच.

सिएटल हरलं की २००१ चा विषय निघतोच. त्या वर्षी या संघानं १६२ पैकी ११६ सामने जिंकले. एका हंगामात इतके विजय त्याआधी फक्त शिकागो कब्जनं मिळवले होते, तेही १९०६ मध्ये. आणि तरीही २००१ चं सिएटल अंतिम लढतीपर्यंत पोचलंच नाही. न्यूयॉर्क यँकीजनं त्यांना पाच सामन्यांत घरी पाठवलं.

सिएटलजवळच्या बेलव्ह्यू-रेडमंडकडे नोकरीनिमित्त राहणाऱ्या, क्रिकेटवर वाढलेल्या मराठी माणसाला हे ऐकून पहिला प्रश्न हाच पडेल की सहा महिने सगळ्यांना लोळवणाऱ्यांनी ऐन मोक्याला कच खाल्ली का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्या संघावर हा शिक्का मारणं अन्यायाचं आहे, आणि तो का अन्यायाचा, हे समजायला खेळाची रचना आणि थोडं गणित एवढंच पुरतं.

आधी खेळ कसा चालतो ते

बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात. तीन गडी बाद झाले की डाव संपतो. चेंडू टाकतो तो पिचर, मारतो तो बॅटर. मैदानावर चौकोनाच्या कोपऱ्यांवर चार बेस असतात. त्यांना पूर्ण फेरी मारून मूळ जागी परतलं की एक धाव. चेंडू थेट कुंपणापार गेला तर तो होम रन, आपल्या षटकारासारखा, फक्त तेव्हा बेसवर उभे असलेले सगळेच घरी येतात. सामना बरोबरीत सुटत नाही, निकाल लागेपर्यंत डाव वाढत जातात. निकालही बहुतेकदा ४-३, ५-२ असे, चार-सहा धावांच्या घरातले.

दोन गोष्टी मात्र क्रिकेटपेक्षा अगदी वेगळ्या आहेत आणि पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. पहिली फलंदाजीच्या क्रमाची. नऊ बॅटर ठरलेल्या क्रमानं येतात, नववा झाला की पुन्हा पहिला. आपल्याकडे एखादा फलंदाज खेळपट्टीवर ठाण मांडून दीडशे धावा करू शकतो. इथं संघातल्या सर्वोत्तम बॅटरलाही सामन्यात चार-पाच संधी मिळतात, आणि सर्वांत कच्च्यालाही जवळपास तेवढ्याच.

दुसरी गोष्ट पिचरची. सामन्याची सुरुवात करणारा पिचर शंभरेक चेंडू टाकून थकतो आणि पुढचे चार-पाच दिवस त्याला विश्रांती लागते. सामने तर जवळजवळ रोज असतात. म्हणून संघाकडे असे पाच पिचर आलटूनपालटून असतात. कालचा आणि आजचा सामना एकाच संघाचा असला, तरी मैदानावरची ताकद तीच नसते.

उत्तम संघसुद्धा दहांतले चार हरतो

या रचनेमुळे बेसबॉलमध्ये संघांमधलं अंतर फार दिसत नाही. दहांतले सहा सामने जिंकणारा संघ उत्तम समजला जातो. २००१ मध्ये लीगमध्ये सर्वांत तळाला टँपा बे आणि पिट्सबर्ग हे संघ होते. त्यांनीही प्रत्येकी ६२ सामने जिंकले.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती जमते कारण एका पातेल्यातली शितं सारखीच शिजलेली असतात. बेसबॉलच्या पातेल्यातलं एक शीत कच्चं, एक मऊ, एक करपलेलं निघतं. भात कसा झालाय हे कळायला मूठभर शितंही पुरत नाहीत, ताटभर वाढून घ्यावं लागतं. हंगाम १६२ सामन्यांचा ठेवण्याला हे कारणही पुरेसं आहे.

त्या वर्षीच्या ५ ऑगस्टच्या रात्रीचंच बघा. क्लीव्हलँडमध्ये सिएटलची आघाडी होती १४-२. अर्ध्याहून जास्त सामना संपलेला. क्लीव्हलँडनं सातव्या डावात तीन, आठव्यात चार आणि नवव्यात पाच धावा काढल्या. बरोबरी झाली तेव्हा नवव्या डावात दोन गडी बाद होते, म्हणजे सामना संपायला एकच बळी हवा होता आणि ओमर व्हिस्केलनं तिन्ही बेसवरचे धावपटू घरी आणले. अकराव्या डावात क्लीव्हलँड १५-१४ नं जिंकलं. फक्त ही एक रात्र पाहिलेल्या माणसाला सिएटल हा वर्षातला सर्वोत्तम संघ आहे असं सांगितलं असतं, तर त्याला पटलं असतं का?

तारे गेले आणि संघ सुधारला

त्या संघाची घडण आठवली की मला आजही भरून येतं. नव्वदच्या दशकात सिएटलकडे तीन अव्वल खेळाडू होते: पिचर रँडी जॉन्सन, केन ग्रिफी ज्युनियर आणि अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ. जॉन्सन १९९८ मध्ये संघ सोडून गेला, ग्रिफी २००० च्या हंगामाआधी. मग रॉड्रिगेझनं टेक्सासशी दहा वर्षांसाठी २५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. खेळाच्या जगात तेव्हा एवढी रक्कम ऐकिवात नव्हती. सिएटल आता संपलं असं म्हणणारे थोडेथोडके नव्हते.

प्रत्यक्षात रॉड्रिगेझनं २००१ मध्ये टेक्सासकडून ५२ होम रन मारले. पण टेक्सास ७३ विजयांवर अडकून आपल्या गटात शेवटचं आलं. त्यानं सोडलेलं सिएटल ४३ विजयांनी पुढे होतं. नऊ जणांचा क्रम ठरलेला असताना एकटा माणूस कितीही मोठा असला तरी किती उचलणार, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

सिएटलनं काय केलं? जपानमधल्या ओरिक्स ब्लूवेव्ह संघाला सुमारे १ कोटी ३१ लाख डॉलर मोजून इचिरो सुझुकीशी बोलणी करण्याचा हक्क मिळवला. जपानमध्ये इचिरोनं सलग सात वर्षं फलंदाजीचा किताब घेतला होता. तरी शंका होतीच, कारण तोवर अमेरिकेत नाव काढलेले जपानी खेळाडू पिचर होते. एवढ्या सडपातळ बॅटरला इथला वेग झेपेल का, अशी चर्चा होती.

इचिरोची पद्धत बघण्यासारखी होती. तो डावखुरा उभा राहायचा, त्यामुळे पहिला बेस त्याला पाऊल-दोन पावलं जवळ. चेंडूला बॅट लागते न लागते तोच त्याचं शरीर धावायला निघालेलं असायचं. साधा जमिनीवरून गेलेला चेंडू उचलून फेकेपर्यंत हा पहिल्या बेसवर. वर्षाअखेर त्याचे हिट, म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस गाठण्याच्या वेळा, झाले २४२ आणि सरासरी ०.३५०, म्हणजे शंभर प्रयत्नांत पस्तीस यशस्वी. मेजर लीगचे दोन भाग आहेत, त्यांतल्या सिएटलच्या भागातलं, म्हणजे अमेरिकन लीगमधलं, हे त्या वर्षी सर्वोत्तम प्रमाण होतं. पुन्हा वाचा: सर्वोत्तम बॅटरही शंभरातले पासष्ट वेळा अपयशी ठरतो. सर्वोत्तम नवोदित आणि सर्वांत मोलाचा खेळाडू हे दोन्ही मान त्याला एकाच वर्षी मिळाले.

हात तर त्याहून भारी. ११ एप्रिलला ओकलंडमध्ये टेरेन्स लाँग पहिल्या बेसवर होता. चेंडू उजवीकडच्या मैदानात गेला आणि लाँग दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याकडे सुटला. असं धावणं नेहमीचं असतं, कारण तिथून तिसऱ्या बेसपर्यंतची फेक फार लांबची. इचिरोनं चेंडू उचलला आणि टप्पा न पाडता सरळ रेषेत तिसऱ्या बेसवरच्या डेव्हिड बेलच्या हातात दिला. लाँग बाद. ती फेक लोक अजून पुन्हा पुन्हा लावून बघतात.

पण एकट्या इचिरोनं ११६ होत नाहीत. ब्रेट बूननं ३७ होम रन मारले आणि १४१ धावा घरी आणवल्या. एडगर मार्टिनेझ, जॉन ओलेरूड, माइक कॅमेरॉन आपापल्या जागी चोख होते. अडतीस वर्षांचा जेमी मॉयर, ज्याचा चेंडू लीगमधल्या सर्वांत संथ चेंडूंपैकी, त्यानं २० सामने जिंकून दिले. फ्रेडी गार्सियानं १८. शेवटचा डाव आवरायला काझुहिरो सासाकी. प्रशिक्षक लू पिनेला. संघानं ९२७ धावा केल्या आणि ६२७ दिल्या. घरी ५७ विजय, बाहेर ५९. परक्या मैदानांवर घरापेक्षा जास्त जिंकणारा संघ म्हणजे काय ताकदीचा असेल!

मग प्लेऑफमध्ये गणित कसं फिरतं?

२००१ मध्ये आठ संघ प्लेऑफला जायचे. पहिली फेरी पाच सामन्यांची (तीन जिंकणारा पुढे), नंतरच्या दोन सात सामन्यांच्या (चार जिंकणारा पुढे). तिन्ही जिंकल्या तर विजेतेपद.

आता हिशेब मांडू. समजा एखादा संघ कुठल्याही प्रतिस्पर्ध्याला दहांत सहा वेळा हरवतो. सात सामन्यांची मालिका तो जिंकण्याची शक्यता साधारण ७१ टक्के येते. बरी आहे. पण अशा तीन मालिका ओळीनं जिंकायच्या तर ७१ टक्क्यांचे ७१ टक्के आणि त्याचे पुन्हा ७१ टक्के. उरतात सुमारे ३६ टक्के. म्हणजे सर्वांत चांगला संघ असूनही करंडक हुकण्याचीच शक्यता जास्त.

सिएटल याहून पुष्कळ वरचढ होतं. त्यांचे ११६ विजय आणि प्रतिस्पर्ध्यांचे त्या वर्षीचे विजय (यँकीज ९५, क्लीव्हलँड ९१, ॲरिझोना ९२) धरून मी आकडेमोड केली. यँकीजविरुद्धचा एक सामना जिंकण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के, आणि त्यांच्याविरुद्धची मालिका जिंकण्याची सुमारे ७७ टक्के निघते. क्लीव्हलँड, यँकीज आणि ॲरिझोना या तिघांना ओळीनं हरवण्याची शक्यता? सुमारे ४९ टक्के. शतकभरात एकदाच गाठल्या गेलेल्या विजयसंख्येची बरोबरी करणाऱ्या संघालाही अर्ध्याहून किंचित कमीच.

“पण मोक्याला हरले, हे तर खरंच ना?”

हरले हे खरं. कसे हरले तेही बघावं. पहिल्या फेरीत क्लीव्हलँडनं एका सामन्यात त्यांना १७-२ असं धुतलं होतं, तरी पुढचे दोन्ही सामने काढून सिएटलनं मालिका ३-२ नं जिंकली. इचिरोनं त्या फेरीत वीस संधींत बारा हिट मारले. दडपणाखाली कोसळणारा संघ असा खेळत नाही.

यँकीजविरुद्ध घरच्या मैदानावरचे पहिले दोन सामने गेले ते ४-२ आणि ३-२ नं. मिळून तीन धावांचं अंतर. सहाव्या सामन्यासाठी आम्ही सिएटलला परत येऊ, असं पिनेलानं ठणकावून सांगितलं आणि न्यूयॉर्कमधला तिसरा सामना संघानं १४-३ नं जिंकला. चौथ्यात आठव्या डावापर्यंत कोणाचीच धाव नव्हती. बूननं होम रन मारून १-० केलं. मालिका २-२ करायला फक्त सहा बळी हवे होते. त्याच डावात बर्नी विल्यम्सच्या होम रननं बरोबरी झाली आणि नवव्यात अल्फोन्सो सोरियानोनं सासाकीला कुंपणापार मारलं. ३-१. दुसऱ्या दिवशी पाचवा सामना १२-३ नं गेला, तेवढा एकच एकतर्फी पराभव.

पाचही सामन्यांची बेरीज केली तर यँकीजच्या धावा २५ आणि सिएटलच्या २२. निकाल मात्र ४-१. सिएटलच्या चौदा धावा एकाच दिवशी पडल्या, हे त्यांचं दुर्दैव.

आपणही हे भोगलंय. २०२३ च्या विश्वचषकात रोहित शर्माचा संघ ओळीनं दहा सामने जिंकला आणि १९ नोव्हेंबरला अहमदाबादला अंतिम सामना हरला. त्या दहा सामन्यांतला खेळ त्या एका संध्याकाळनं खोटा ठरला का?

“यँकीजकडे अनुभव होता, म्हणून ते जिंकले”

यँकीज लागोपाठ तीन वर्षांचे विजेते होते, त्यामुळे हे म्हणणं पटण्यासारखं वाटतं. पण पुढं काय झालं? तेच अनुभवी यँकीज वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात ॲरिझोनाविरुद्ध नवव्या डावात २-१ नं पुढे होते. चेंडू होता मारियानो रिव्हेराच्या हातात, शेवटचे डाव आवरण्यात ज्याच्या तोडीचा पिचर झाला नाही. ॲरिझोनानं बरोबरी केली आणि लुइस गाँझालेझनं मारलेला एक अर्धवट, मऊ फटका पुढे सरकून उभ्या असलेल्या डेरेक जीटरच्या डोक्यावरून जेमतेम गवतावर पडला. संपलं. जीटर नेहमीच्या जागी असता तर तो सोपा झेल होता. त्या मालिकेच्या दोन मानकऱ्यांपैकी एक होता रँडी जॉन्सन, सिएटलनं सोडलेला.

एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. छोट्या मालिकेत मध्ये सुट्ट्या असतात, त्यामुळे संघाला पाचवा पिचर लागत नाही, पहिले तीन-चारच पुन्हा पुन्हा येतात. सिएटलची ताकद होती भक्कम राखीव फळीत: बदली खेळाडू आले तरी घसरण नाही. एप्रिल ते सप्टेंबर त्या गुणाचं सोनं झालं, ऑक्टोबरमध्ये त्याला फारसा वाव नव्हता. अँडी पेटिट, माइक मुसीना, रॉजर क्लेमेन्स असे मोजके पण जबर पिचर असलेल्या यँकीजना हीच गोष्ट फायद्याची ठरली.

“मग ११६ विजय हेही नशीबच म्हणायचं का?”

थोडंसं, हो. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी एक साधं सूत्र दिलं: केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, म्हणजे विजयाचं अपेक्षित प्रमाण. ९२७ आणि ६२७ घालून बघा, १६२ सामन्यांत सुमारे १११ विजय येतात. वरचे पाच अटीतटीचे सामने इकडे झुकल्याची कमाई म्हणता येतील.

बाकीचे मात्र कमावलेले. नाणं १६२ वेळा उडवलं तर छाप ८१ च्या आसपास पडेल. ११६ पडण्याची शक्यता कोटीत एकाहूनही कमी. पाच सामन्यांत नशीब निकाल फिरवू शकतं, एवढ्या लांबीच्या हंगामात त्याचा जोर ओसरतो. म्हणूनच कुठला संघ खरोखर चांगला होता हे विचारायचं असेल, तर मी हंगामाच्या तक्त्याकडे बघेन. ऑक्टोबरमध्ये कोण जिंकलं हा वेगळा, तितकाच रंगतदार प्रश्न आहे. दोन्हींची उत्तरं एकच यावीत असा हट्ट धरला की सिएटलसारख्या संघावर अन्याय होतो.

“मग पद्धतच बदलावी ना?”

इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये तक्त्यात पहिला येणारा थेट विजेता ठरतो. बेसबॉलही पूर्वी याच्या जवळ होतं. १९६८ पर्यंत दोन लीगचे दोन अव्वल संघ सरळ वर्ल्ड सिरीज खेळायचे, मध्ये काही नाही. १९६९ मध्ये एक फेरी वाढली, १९९५ पासून आणखी एक, आणि २०२२ पासून तर बारा संघ प्लेऑफला जातात. फेऱ्या वाढल्या की चुरस वाढते, स्टेडियम भरतात, प्रक्षेपणाचे पैसे येतात, आणि जुलैमध्येच आशा सोडावी लागणाऱ्या शहरांची संख्या कमी होते. हे फायदे खरे आहेत, त्यामुळे ही पद्धत मागे जाईल असं मला वाटत नाही.

किंमतही मोजावी लागते. २०२३ मध्ये अटलांटानं १०४, बाल्टिमोरनं १०१ आणि लॉस एंजेलिस डॉजर्सनं १०० सामने जिंकले. तिघेही आपल्या पहिल्याच मालिकेत बाद झाले. तिघांचे मिळून दहा सामने झाले, त्यांतला एक अटलांटानं जिंकला, बाकी दोघांना एकही नाही. वर्ल्ड सिरीज रंगली ९० विजयांचं टेक्सास आणि ८४ विजयांचं ॲरिझोना यांच्यात.

१९०६ च्या कब्जना एकच मालिका जिंकायची होती. तीही त्यांनी आपल्याच शहरातल्या व्हाइट सॉक्सविरुद्ध ४-२ नं गमावली. म्हणजे ११६ विजय मिळवणारे दोन्ही संघ करंडकाविना राहिले. फरक एवढाच की कब्जना निदान अंतिम लढत तरी खेळायला मिळाली. १९६८ पर्यंतचा नियम २००१ मध्ये लागू असता, तर अमेरिकन लीगच्या तक्त्यात पहिलं आलेलं सिएटलही क्लीव्हलँड आणि न्यूयॉर्कची वाट न चढता थेट वर्ल्ड सिरीजमध्ये उतरलं असतं.